मेथडची दृश्यता आणि प्रवेशाचा अधिकार : एक परीक्षण

वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनाचा परिचय करून देणाऱ्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. प्रायव्हेट म्हणजे बाहेरच्यास न दिसणारे, पब्लिक म्हणजे सर्वांस दिसणारे, आणि प्रोटेक्टेड म्हणजे वारसांपुरते दिसणारे, असे ते वाक्य होय. परीक्षेतील दोन गुणांसाठी ते पुरेसे असेलही. परंतु त्यातील 'दिसणे' हे क्रियापद फसवे आहे. एखादे नाव दृष्टीस पडणे, त्या नावाने हाक मारण्याचा अधिकार असणे, आणि आतील व्यवहार गुप्त राहणे ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत. भाषा घडविणाऱ्यांनी त्या पुष्कळ काळजीने वेगळ्या राखल्या, आणि भाषा शिकविणाऱ्यांनी त्या एकाच पोत्यात भरल्या. ह्या मिसळणीचे परिणाम परिभाषेपुरते राहत नाहीत. प्रायव्हेट शब्दाने माहिती सुरक्षित होते असे मानणारा विद्यार्थी पुढे नोकरीत जाऊन परवलीचे शब्द प्रायव्हेट घटकात ठेवतो, आणि आपले काम झाले असे समजतो.

मराठी प्रतिशब्दांनी ह्या गोंधळात भर घातली आहे. 'वस्तुनिष्ठ' हा शब्द समीक्षेत आणि तत्त्वज्ञानात दुसऱ्याच अर्थाने रुळलेला असल्यामुळे तो येथे वर्ज्यच मानावा. 'खाजगी' ह्या शब्दाची गोष्ट निराळी आहे. आज त्यातून लपवाछपवीचा वास येतो. पण होळकरांच्या राज्यव्यवस्थेत 'दौलत' आणि 'खासगी' असा भेद होता, तो गुप्ततेचा नव्हता. खासगीचा जमाखर्च वेगळा, तिचा कारभार वेगळा, आणि तिच्यात हात घालण्याचा अधिकार वेगळ्या हाती, एवढाच त्याचा अर्थ. खासगी कोठे आहे आणि कोणाची आहे, हे सर्वांस ठाऊक असे. प्रायव्हेट मेथडचा अर्थ ह्या जुन्या खासगीच्या जवळचा आहे, आजच्या खाजगीच्या जवळचा नव्हे.

भेद स्पष्ट करण्यासाठी कऱ्हा-नीरेच्या मुलखातीलच उदाहरण घेणे सोयीचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला नीरा डावा कालवा बारामती आणि इंदापूर ह्या तालुक्यांतून वाहतो. त्याच्या दाराची चाके रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासही दिसतात. त्यांत गुप्त असे काही नाही. तरीही ती फिरविण्याचा अधिकार शेतकऱ्यास नाही. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यापासून आजवर अधिकाराविना पाण्याच्या प्रवाहात ढवळाढवळ करणे हा अपराध मानला गेला आहे. शेतकऱ्याने 7 नंबरचा अर्ज भरावा, मंजुरी मिळवावी, शेजपाळीत आपली पाळी येईपर्यंत थांबावे, आणि चारीचे पाणी शेतात आले म्हणजे दारे धरावीत. सऱ्यांतून पाणी कसे फिरवायचे हा सर्वस्वी त्याचा प्रश्न. दाराचे चाक कसे फिरवायचे हा कालव्याचा. अर्ज ही कालव्याची पब्लिक मेथड होय, आणि चाक ही त्याची प्रायव्हेट मेथड.

ह्या व्यवस्थेत राखले जाते ते रहस्य नसून कालव्यातील पाण्याची पातळी होय. वरच्या अंगाला एकाने चाक दोन फेरे अधिक फिरविले, तर त्याच्या उसाला पाणी मिळते; पण त्याखालच्या प्रत्येक दारावरील दाब उतरतो आणि इंदापूरकडच्या शेवटच्या शेतात आवर्तन पोहोचतच नाही. पातळीविषयीचे जे विधान कालव्याच्या सर्व दारांना मिळून खरे ठेवावयाचे असते, ते एकेकट्या दाराला दिसू शकत नाही. म्हणून चाक एका हाती ठेवावे लागते. सी. ए. आर. होर यांनी 1972 च्या निबंधात माहितीच्या मांडणीची शुद्धता सिद्ध करण्याची जी रीत सांगितली, तिचा गाभा हाच आहे. वस्तूच्या आतील स्थितीविषयी एक नियम ठरवावा, आणि प्रत्येक मेथड संपताना तो नियम शाबूत आहे हे दाखवावे. ही सिद्धता तेव्हाच पुरी होते जेव्हा स्थितीला हात लावू शकणाऱ्या मेथडांची यादी मोजता येण्याजोगी असते. प्रायव्हेट हा शब्द ती यादी बंद करतो. त्याचे खरे मोल एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

इतिहास पाहता ही जाण आरंभापासून नव्हती. दाल आणि नीगार्ड यांच्या सिम्युला 67 मध्ये वर्ग होते, वारसा होता, पण कुंपण नव्हते. बिंदू लिहून कोणीही कोणत्याही वस्तूच्या आतील चल वाचावा आणि बदलावा. हिडन आणि प्रोटेक्टेड हे शब्द त्या भाषेत 1970 च्या दशकाच्या प्रारंभी मागाहून आले. त्याच सुमारास, 1972 मध्ये, डेव्हिड पार्नास यांनी आज्ञावलीचे भाग कोणत्या कसोटीवर पाडावेत हा प्रश्न उपस्थित केला. त्यांचे उत्तर फार उद्धृत होते आणि फार थोडे वाचले जाते. प्रत्येक भागाने बदलण्याचा संभव असलेला एक निर्णय आपल्या पोटात ठेवावा, असे त्यांचे म्हणणे आहे. 'डेटा हायडिंग' ह्या पाठ्यपुस्तकी शब्दप्रयोगात निर्णय गळून पडला आणि डेटा तेवढा उरला.

सी प्लस प्लस ह्या भाषेत दृश्यता आणि अधिकार ह्यांतील भेद सर्वांत काटेकोरपणे पाळलेला आहे, आणि तो तपशिलाने पाहण्यासारखा आहे. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी असा नियम केला की प्रायव्हेट नाव बाहेरूनही दिसावे. कंपायलर आधी नाव शोधतो, त्या नावाच्या अनेक मेथड असल्यास त्यांतील सर्वांत जुळणारी निवडतो, आणि मग विचारतो की हिला हाक मारण्याचा अधिकार ह्या ठिकाणी आहे काय. नसेल तर तो चूक दाखवून थांबतो; दुसरी, कमी जुळणारी मेथड शोधण्यास जात नाही. समजा, कालवा नावाच्या वर्गात 'सोड' ह्या नावाच्या दोन मेथड आहेत. एक पूर्णांक घेते, त्याचा अर्थ किती दारे उघडावयाची, आणि ती प्रायव्हेट आहे. दुसरी दशांश संख्या घेते, त्याचा अर्थ किती क्युसेक पाणी सोडावयाचे, आणि ती पब्लिक आहे. बाहेरून कोणी 'सोड' ला 3 हा पूर्णांक देऊन हाक मारली, तर सी प्लस प्लस सांगते की नेमकी जुळणारी मेथड प्रायव्हेट आहे, सबब परवानगी नाही. जावा ह्या भाषेत तीच हाक निराळ्या रीतीने वाचली जाते. तेथे ज्या मेथडचा अधिकार नाही ती निवडीच्या रांगेतच उभी राहत नाही. 3 चे रूपांतर दशांशात होते, आणि तीन दारांऐवजी तीन क्युसेक पाणी निमूटपणे सुटते.

दोन्ही पक्षांना आपापली बाजू आहे. जावाच्या बाजूने असे म्हणता येईल की जे बाहेरच्याच्या अधिकारात नाही त्याचा त्याच्या हाकेवर परिणाम होणे हाच मुळात कुंपणाचा भंग होय. आतील मेथडचे अस्तित्व बाहेरच्यास चुकीच्या संदेशातून का होईना कळावे हे बरे नव्हे. परंतु ह्या युक्तिवादाचा दुसरा पदर असा की पुढे कधी वर्गाच्या कर्त्याने ती पहिली मेथड पब्लिक केली आणि बाहेरची आज्ञावली पुन्हा कंपाइल झाली, तर तिच्यातील एक अक्षरही न बदलता हाकेचा अर्थ बदलेल. स्ट्राउस्ट्रुप यांना नेमके हेच टाळावयाचे होते. अधिकाराचा शब्द बदलल्याने आज्ञावली चालेल किंवा अडेल, पण तिचा अर्थ गुपचूप पालटू नये, ही त्यांची भूमिका अधिक सबळ वाटते. जी व्यवस्था नाही म्हणते तिच्याशी वाद घालता येतो. विचारलेल्या प्रश्नाऐवजी भलत्याच प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या व्यवस्थेशी तो घालता येत नाही.

ह्याहून खोल असा प्रश्न 'बाहेरचा' कोणास म्हणावे हा आहे. सी प्लस प्लस आणि जावा ह्यांत कुंपण वर्गाभोवती आहे, वस्तूभोवती नाही. नीरा डावा कालवा आणि नीरा उजवा कालवा ह्या एकाच वर्गाच्या दोन वस्तू मानल्या, तर ह्या भाषांच्या नियमाप्रमाणे डाव्या कालव्याच्या मेथडला उजव्या कालव्याचे चाक फिरविता येते. कारण दोघेही 'कालवा' आहेत. ज्यांना त्या दोन कालव्यांतील पाणीवाटपाच्या वादाची थोडीशीही कल्पना आहे त्यांना ह्या नियमातील विनोद सांगावा लागणार नाही. ह्याउलट स्मॉलटॉक-80 मध्ये वस्तूचे आतील चल केवळ त्याच वस्तूच्या मेथडांना गवसतात. शेजारी कितीही सजातीय असो, त्याने संदेश पाठवूनच बोलावे. बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल भाषेतही कोणासच न दिलेली मेथड दुसऱ्या वस्तूचे नाव घेऊन हाकारता येत नाही, मग ती वस्तू त्याच वर्गाची का असेना. रूबीने आणखी एक पाऊल टाकून दोन्ही गोष्टींना वेगळी नावे दिली. प्रायव्हेट म्हणजे स्वतःपुरते आणि प्रोटेक्टेड म्हणजे सजातीयांपुरते असा त्या भाषेतील अर्थ आहे; म्हणजे सी प्लस प्लसमधून आलेल्या विद्यार्थ्याला ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने भेटतो.

वर्गाभोवतीच्या कुंपणाला आधार नाही असे मात्र नव्हे. दोन वस्तू समान आहेत काय, किंवा दोन याद्या एकत्र करावयाच्या असल्यास काय, ह्यांसारख्या कृतींत शेजाऱ्याच्या पोटात डोकावल्यावाचून काम नेटके होत नाही. शिवाय एकाच वर्गाच्या मजकुराची जबाबदारी बहुधा एकाच कर्त्याकडे असते. त्यामुळे वर्गाच्या भिंतीआत झालेला घोटाळा त्याच भिंतीआत दुरुस्त होतो. येथे ध्यानात येते की ह्या भाषांतील प्रवेशाचा अधिकार मुळात चालत्या वस्तूंमधील व्यवहार नियंत्रित करीत नसून लिहिणाऱ्या माणसांमधील व्यवहार नियंत्रित करतो. कोणता मजकूर कोणी बदलावा, आणि बदलल्यावर आणखी कोणाचा मजकूर तपासावा लागेल, हा त्याचा विषय. स्ट्राउस्ट्रुप यांनी हे कुंपण अपघातापासून वाचविणारे आहे, लबाडीपासून नव्हे, असे आपल्या परीने स्पष्ट केलेच होते. तेव्हा परवलीचे शब्द प्रायव्हेट घटकात ठेवून निश्चिंत होणाऱ्याचा दोष भाषेवर टाकता येणार नाही.

प्रोटेक्टेडविषयी फार लिहावे असे नाही. सी प्लस प्लसमध्ये ही तिसरी पायरी मार्क लिंटन यांच्या आग्रहामुळे आली, आणि सुमारे पाच वर्षांनी त्याच लिंटन यांनी आपल्या इंटरव्ह्यूज ह्या प्रकल्पात प्रोटेक्टेड चल वापरण्यास बंदी केली. ते दोषांचे उगमस्थान ठरले होते. ॲलन स्नायडर यांनी 1986 मध्ये वारसा आणि आवरण ह्यांतील हा झगडा निबंधरूपाने मांडला होता. वारस कोण होईल आणि किती होतील हे मूळ वर्गाच्या कर्त्यास ठाऊक नसते, म्हणून वारसांपुरते उघडे ठेवलेले दार हे व्यवहारतः वेशीबाहेर उघडलेलेच असते. जावाने प्रोटेक्टेडमध्ये एकाच पॅकेजमधील सर्व वर्गांनाही सामील करून घेतल्याने त्या शब्दातील संरक्षणाचा अर्थ आणखी पातळ झाला.

काही भाषांनी कुंपण न घालता केवळ रेघ ओढली. स्मॉलटॉकमध्ये सर्व मेथड बाहेरून हाकारता येतात. ज्या आतल्या वापराच्या त्या 'प्रायव्हेट' अशा मथळ्याखाली ठेवावयाच्या, एवढाच संकेत. पायथनमध्ये नावाआधीची एक अधोरेषा ही विनंती होय. दोन अधोरेषा दिल्यास भाषा त्या नावात वर्गाचे नाव मिसळून ते थोडे अवघड करते, एवढेच. संकेतावर विसंबणाऱ्या ह्या भाषांना ढिल्या म्हणून हिणविण्याची रीत आहे. परंतु पाळलेला संकेत दुबळाच असतो असे कोणी म्हणावे? बारामतीस आयुष्य वेचलेल्या मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. तेव्हा ज्याची कथा सांगावयाची त्या रामाचे नावही कवीस घेता येत नाही. हा नियम छंदःशास्त्राने लादलेला नव्हता. वृत्त चुकले तर कान अडखळतो, तसे 'म' आल्यावर काहीच अडत नाही. तरीही नियम पाळला जातो, आणि तो पाळला गेला की नाही हे कोणताही वाचक ओळीवर बोट ठेवून तपासू शकतो. पायथनच्या अधोरेषेचे सामर्थ्य ह्याच जातीचे आहे. उल्लंघन शक्य असते, पण ते लपत नाही.

उलटपक्षी, कंपायलरने राखलेले कुंपणही वाटते तितके अभेद्य नसते. जावात रिफ्लेक्शनच्या साहाय्याने प्रायव्हेट मेथड उघडून हाकारण्याची सोय वर्षानुवर्षे होती आणि मोठमोठ्या चौकटी तिच्यावरच उभ्या राहिल्या. 2017 च्या जावा 9 मध्ये मोड्यूलची भिंत आली; 2021 च्या जावा 16 मध्ये भाषेच्या स्वतःच्या अंतर्भागाचे दार मूलतः बंद ठेवण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या जावा 17 मध्ये ते एका स्विचने सरसकट उघडण्याची मुभाही गेली. एवढा विलंब का लागला? दार दीर्घकाळ उघडे राहिले की त्यातून जाणे हा लोकांचा वहिवाटीचा हक्क बनतो, हे कालव्यावर वावरणाऱ्यास सांगावयास नको.

ह्या पार्श्वभूमीवर एका रूढ सवयीचे परीक्षण आवश्यक ठरते. सर्व चल प्रायव्हेट करावेत आणि प्रत्येकास एक वाचणारी आणि एक बदलणारी पब्लिक मेथड जोडावी, असे अनेक प्रयोगवह्यांत आढळते, आणि त्यालाच आवरण म्हणून पूर्ण गुण दिले जातात. कालव्याच्या वर्गात पातळी प्रायव्हेट ठेवून 'पातळी ठेव' नावाची पब्लिक मेथड देणे म्हणजे चाकाला कुलूप घालून किल्ली कुलपालाच लटकविणे होय. नियम राखणाऱ्या मेथडांची यादी येथे बंद झालेलीच नाही. ती सर्व जगभर पसरली. 'आवर्तन सुरू कर', 'पाळी दे', 'गळतीची नोंद घे' अशा मेथड असतील तर त्यांतील प्रत्येकीला पातळीविषयीचा नियम तपासण्याची संधी असते आणि जबाबदारीही. केवळ मूल्य आत ठेवणाऱ्या मेथडला ती नसते. अशा वर्गापेक्षा ज्याचे सर्व चल उघडपणे पब्लिक आहेत असा वर्ग अधिक प्रामाणिक मानावा लागेल. तो निदान संरक्षणाचा देखावा करीत नाही.

अलीकडच्या काही भाषांनी कुंपणाचा घटक वर्गाऐवजी पॅकेज मानला, आणि त्यात व्यवहाराची जाण दिसते. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून घाऊक पाणी द्यावे आणि संस्थेच्या हद्दीतील वाटप संस्थेनेच करावे असे ठरविले. खात्याने तोंडाशी मोजावे, आत नाक खुपसू नये. पॅकेजची कल्पना हीच आहे. जे एकत्र बसून हिशेब करतात त्यांच्यात कुंपणे घालण्याचे कारण नाही. गो ही भाषा, जी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली, ह्याच मार्गाने गेली, आणि तिने पब्लिक-प्रायव्हेट हे शब्दच काढून टाकले. नावाचे पहिले अक्षर रोमन कॅपिटलसारखे मोठे असेल तर ते नाव पॅकेजबाहेर जाते. नसेल तर आत राहते. नाव वाचतानाच त्याचा अधिकार कळावा ही कल्पना सुटसुटीत आहे, आणि तिची पुष्कळ स्तुती झालेली आहे.

देवनागरीत मात्र मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही. त्यामुळे देवनागरी अक्षराने आरंभ होणारे कोणतेही नाव गो भाषेत जन्मतःच पॅकेजपुरते खासगी ठरते. ते सार्वजनिक करण्याचा अधिकार कर्त्याने सोडलेला नसतो. त्याच्या लिपीने तो आणलेलाच नसतो. त्यात दुसरी अडचण अशी की ह्या भाषेच्या नियमाप्रमाणे नावात केवळ अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हे अक्षरांत गणली जात नाहीत. भाषेच्या कर्त्यांनी आपल्या प्रश्नोत्तरांत देवनागरीचे नाव घेऊनच हे मान्य केले आहे. जावात आणि पायथन 3 मध्ये 'पाणी' हे चलाचे नाव म्हणून चालते. गोमध्ये ते लिहिताच येत नाही. नीरा, कऱ्हा, भाटघर, वीर ह्यांपैकी एकही नाव तेथे वैध नाही. बारामती नाही, इंदापूर नाही, माळेगाव नाही. इंदापूर तालुक्यातील कळस आणि सणसर ही दोन गावे तेवढी निभावतात, कारण त्यांच्या नावांत योगायोगाने एकही काना-मात्रा नाही. आणि त्यांनाही आपल्या पॅकेजच्या बाहेर पडावयाचे झाल्यास नावापुढे एखादे रोमन मोठे अक्षर, बहुधा एक्स, लावून जावे लागते.